चाळीस पाकिटं आणि कोमट वारा

३ मार्च, मंगळवार
मी सांगते, हे लिहितात. मला लिहिता-वाचता येत नाही, हे ह्यांच्याशिवाय घरात कुणाला ठाऊक नाही. सून येऊन अकरा वर्षं झाली. चष्मा कुठे ठेवला कोण जाणे, एवढ्यावर निभावलंय. गोळ्यासुद्धा माझ्या मी घेते, एकदाही चुकले नाही. डोकं लागतं त्याला.
आज तेच फिरलंय. सूनबाईंनी डिहायड्रेटर आणलाय. म्हणजे भाज्या सुकवायचा डबा. आत जाळीचे ट्रे, मागे पंखा. सारखी घरघर. मी जिवंत असताना सुकवायला मशीन!

४ मार्च
सून गाजर, टोमॅटो, जवस वाटून ट्रेवर पातळ थापते. कडक झालं की तुकडे. गॅस लावायचाच नाही. रॉ फूड म्हणे. योगाच्या क्लासची चाळीस पाकिटांची ऑर्डर आहे, रविवारी द्यायची. तिची पहिलीच. मला बजावलं, आई, पंचेचाळीसच्या वर गेलं तर शिजेल, मग कच्चं म्हणून देता येणार नाही, बटणाला हात नको.
मला! माझ्याच स्वयंपाकघरात!
ठरलं. त्या डब्याकडे बघणारसुद्धा नाही.

४ मार्च, दुपारी
बघितलं. काही विशेष नाही.

६ मार्च, शुक्रवार
सून ऑफिसला जाताना म्हणाली, जरा लक्ष असू द्या. आली ना वळणावर! दार उघडून आत हात घातला. नुसता कोमट वारा. ह्याने काय सुकणार, कपाळ? बटणाभोवती आकडे, मुंग्या बसल्यासारखे. हे घोरत होते. उठवून विचारायचं म्हणजे मान कुठे राहिली? फिरवलं शेवटपर्यंत.

६ मार्च, संध्याकाळी
सगळं तपकिरी. घरभर भाजल्याचा वास. सून ट्रे हातात धरून उभी. ती ओरडली असती तर मीही ओरडले असते, पूर्ण तयारी होती. तिने नुसते ट्रे खरवडायला घेतले. मी म्हटलं, व्होल्टेज वाढलं असेल. हे खोकले. तो खोकला लिहायची काही गरज नव्हती.

७ मार्च, शनिवार
पहाटेपासून दोघी गाजरं किसतोय. तिची कीव आली म्हणून मी बसले, चूक माझी म्हणून नव्हे. अंगठा सोलला. तरी ती गप्पच. गप्प माणसाशी भांडायचं तरी कसं? संताप नुसता.
दुपारी बघते तर बटणाशेजारी लाल ठिपका. तिचं नेलपॉलिश. म्हणाली, आई, आकडे माझ्या लक्षातच राहत नाहीत, म्हणून खूण केली. ह्याच्या पुढे बटण जाऊ द्यायचं नाही. एवढी शिकलेली, आणि आकडे लक्षात राहत नाहीत! बिचारी.

८ मार्च, रविवार
पाकिटं गेली. चाळीसच्या चाळीस.
आत्ता गोळ्या घेतल्या. सकाळच्या बाटलीवर अगदी तसाच एक लाल ठिपका, संध्याकाळच्या बाटलीवर दोन. इतकी वर्षं मला वाटायचं, कंपनीच घालते.
ह्यांना विचारलं, तिला कधीपासून ठाऊक आहे? हे मान वर न करता लिहीतच राहिले.