रोबोटला लागलं का?

आई,

तू जन्मभर लोकांच्या लग्नात पंगतीला वाढलंस, म्हणून हे तुलाच सांगावंसं वाटतंय. काल कासुर्डीजवळ हायवेवरच्या एका कार्यालयात माझ्या पुतण्याचा साखरपुडा झाला आणि तिथं जेवण वाढायला रोबोट होता. कमरेएवढं पांढरं प्लॅस्टिकचं यंत्र, पोटात वाट्या ठेवायचे कप्पे, तोंडाच्या जागी दोन निळे डोळे, डोक्यावर पांढरी टोपी, अंगावर निळा पट्टा. आपलं आपण चाकांवर फिरतं आणि 'सावकाश होऊ द्या' म्हणतं. चांगली शिकली-सवरलेली माणसं ताटं सोडून त्याच्याभोवती गोळा झाली होती. माझ्या दिरांनी त्याला शाल पांघरली, नारळ दिला. सत्काराशिवाय आपल्याकडं पान हलत नाही हे खरं, पण यंत्राचा? नवरीच्या मामांनी त्याच्या तोंडाशी गुलाबजाम नेला आणि सगळे खिदळले. मला शिसारी आली. माझी धाकटी चार वर्षांची. ती त्याच्यासमोर उभी राहून अगदी मनापासून विचारते, "तू जेवलास का?" तिचं काही वाटलं नाही. तिला ते जिवंत वाटतं, तिनं विचारावंच. या थोराड घोड्यांना तर ठाऊक होतं ना, ते काय आहे ते!

यंत्रामागून एक बाई रश्श्याची बादली घेऊन फिरत होती. तिलाही तसलीच पांढरी टोपी, तसलाच निळा पट्टा. यंत्र गालिच्याच्या घडीत अडकलं, गर्रकन वळलं आणि तिच्यावर आदळलं. कढत रस्सा तिच्या पायावर सांडला. आणि सगळे धावले कुठं, तर रोबोटकडं. "आरं बघा, त्याला कुठं लागलं न्हाई ना?" हे माझे दीर. मॅनेजर तिच्यावर खेकसला, "डोळं फुटलं का गं? मशीन बिघडली आसती म्हंजी?" ती "न्हाई साहेब" म्हणत फरशी पुसायला बसली. मी उठून जगमधलं पाणी तिच्या पायावर ओतलं, तर मलाच म्हणते, "ऱ्हाऊ द्या ताई, तुमची साडी भिजंल." धाकटी माझ्यामागं आली होती. तिनं बाईकडं नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "आई, हिलापण चार्जिंगला लावतात?"

माझा हात उठला. त्या बाईशी कुणी माणसासारखं बोललेलं पोरीनं पाहिलंच नव्हतं, तिची काय चूक? पण मी हात खाली घेतला तो एवढ्यासाठी नाही. मला आठवलं: मी सातवीत आहे, दौंडला रेल्वे कॉलनीतल्या मैत्रिणीच्या ताईचं लग्न आहे. वर्गातल्या मुलींच्या ओळीत मी बसलेय आणि तू आमटीची बादली घेऊन येतेस. आचारी तुला त्या दिवशी कुठल्या लग्नाला नेणार, हे मला ठाऊक नव्हतं. मला बघून तुझा चेहरा फुलला. तू काही बोलायच्या आत मी ताटावर आडवा हात धरला आणि म्हणाले, "नको मावशी." तू पुढच्या मुलीला वाढलंस. घरी तू ओरडशील म्हणून मी कोपऱ्यात बसून राहिले, तर तू पिशवीतून बुंदीचा लाडू काढलास. "तुला वाढायचा ऱ्हायला व्हता," एवढंच म्हणालीस. मी तो खाल्लासुद्धा. कालच्या माणसांची किळस येते असं वर लिहिलंय, पण त्यांनी निदान स्वतःच्या आईला तरी तसं केलं नाही.

तू गेलीस, तरी सासरी अजून कुणाला ठाऊक नाही तू काय करायचीस ते. म्हणून हा कागद कपाटात साड्यांच्या घडीखाली जाईल. काल शिरूरला परतताना गाडीत दीर होते, जाऊबाई होत्या. धाकटीनं मध्येच विचारलं, "आई, तुझी आई काय काम करायची?"

मी म्हणाले, "काही नाही गं, घरीच असायची."