घरच्यासारखीचा कर

१० फेब्रुवारी, रविवार

ठरलं. काउंटी कमिशनरच्या जागेसाठी उभा राहतो. मे महिन्यात पक्षांतर्गत निवडणूक. घोषणाही तयार आहे: ‘प्रत्येकाने आपला वाटा भरावा.’ चार शब्दांत सगळं अर्थशास्त्र. या खोऱ्यातले पोलादाचे कारखाने ज्यांनी बंद पाडले, त्यांनी वाटा कधीच भरला नाही. धूर आम्हाला दिला आणि नफा घेऊन गेले. युनियन हॉलमध्ये जन्मभर हेच सांगत आलो. आता मतपेटीतून सांगेन.

घोषणा लॉर्नाला म्हणून दाखवली. लॉर्ना टिब्स चार वर्षं माझ्या आईला सांभाळते आहे. अंघोळ, औषधं, जेवण, आणि बाबा दुसऱ्या पाळीला गेलेले नसून वारले आहेत, हे आईला रोज नव्याने सांगणं. ती म्हणाली, छान आहे लेनी, पण आवाज जरा कमी कर, आत्ताच त्यांचा डोळा लागलाय.

लॉर्नाला मी कामवाली म्हणत नाही. ती आमच्या घरच्यासारखी आहे.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

दर शुक्रवारप्रमाणे लॉर्नाला रोख दिले. ग्रीटिंग कार्डात घालून देतो. नुसत्या पाकिटात दिले तर ती मजुरी होते. कार्डात दिले तर माणुसकी. सण उलटला की कार्डं स्वस्तात मिळतात, म्हणून आज ‘नाताळच्या हार्दिक शुभेच्छा’. आत स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या. कार्डावरचा छापील मजकूर मला सहन होत नाही.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

वॉल्ट पेट्रिनाकडे गेलो. शाळेपासूनचा मित्र, कर सल्लागार, आणि आता माझ्या प्रचाराचा खजिनदार. मी अभिमानाने सांगितलं की माझा इन्कम टॅक्स आजवर एक डॉलरही चुकलेला नाही. तो म्हणाला, इन्कम टॅक्सचं कोण विचारतंय, तुझ्या आईकडे कोण बघतं ते सांग.

सांगितलं.

त्याने चष्मा काढला. वॉल्ट चष्मा काढतो तेव्हा समोरच्याचं काही खरं नसतं. म्हणाला, लेनी, घरात पगारी माणूस ठेवलं की इन्कम टॅक्सच्या वर आणखी एक कर लागतो. तिच्या म्हातारपणाच्या पेन्शनसाठी आणि दवाखान्यासाठी. अर्धा भाग तू भरायचा, अर्धा तिच्या पगारातून कापून भरायचा. तू कापलाही नाहीस आणि भरलाही नाहीस, तेव्हा आता दोन्ही अर्धे तुझेच.

मी म्हणालो, ती कामगार नाही, घरच्यासारखी आहे. आणि घरच्यांना या करातून सूट असते, हे मी वाचलेलं आहे.

तो म्हणाला, घरच्यांना सूट आहे. ‘सारखी’ला नाही.

कायद्याची ही भाषा. माणसांमधली नाती यांना कळणार कशी? वॉल्ट मुळात कोरडा माणूस.

८ मार्च, शुक्रवार

ईस्टरआधीचे लेंटचे उपवास सुरू झाले. लोक गोड सोडतात, दारू सोडतात. मी राग सोडला आहे.

उपवासात शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून संध्याकाळी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण होतं. तिथे बोललो. एका ट्रक कंपनीची गोष्ट सांगितली: मालकाने ड्रायव्हरांना कागदोपत्री ‘स्वतंत्र व्यावसायिक’ ठरवलं आणि त्यांच्या पेन्शनचा वाटा गिळला. मी म्हणालो, कामगाराला दुसरं नाव देऊन त्याचं म्हातारपण चोरणारा माणूस खिसेकापूपेक्षा हलका आहे, कारण खिसेकापू निदान आज असलेलं चोरतो. हॉल उभा राहिला. दोन बायकांनी मासे बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या.

राग आला नव्हता. तो सात्त्विक संताप होता. तो मोजायचा नाही.

११ मार्च, सोमवार

एक कल्पना. लॉर्नाला स्वतंत्र व्यावसायिक ठरवता येईल का? मग तिचा कर तीच भरेल, आणि तिचा स्वाभिमानही जपला जाईल.

वॉल्टला फोन केला. तो म्हणाला, शुक्रवारी मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो.

माझा मुद्दा असा की ट्रक वेगळा आणि आई वेगळी. त्याने फोन ठेवला.

१९ मार्च, मंगळवार

लॉर्ना स्वयंपाकघरात पिएरोगी, बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, परतत होती. लंगडणं वाढलंय तिचं. खुबा झिजला आहे. डॉक्टर म्हणतात बदलावा लागेल, पण विमा नाही. जुलैत तिला पासष्ट पूर्ण होतील आणि मग सरकारी वैद्यकीय विमा मिळेल, असं ती धरून चालली होती.

काल ती सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी पेन्शनच्या, कचेरीत जाऊन आली. तिथली बाई म्हणाली, फुकट विमा हवा असेल तर दहा वर्षांचं काम नोंदलेलं लागतं. तुमचं सात वर्षांच्या आसपासच दिसतंय. लॉर्ना म्हणाली, मी सोळाव्या वर्षापासून लोकांच्या फरश्या पुसतेय. बाई म्हणाली, फरश्या दिसत नाहीत इथे, भरलेला कर दिसतो.

मग कढईकडेच बघत लॉर्ना मला म्हणाली, तुझ्याकडची चार वर्षं नोंदवली गेली असती, लेनी, तर झालं असतं.

माझ्या आतून ज्वाळा उठल्या. मी तिला वीस मिनिटं समजावून सांगितलं की ही व्यवस्थाच कष्टकऱ्यांच्या हाडांवर उभी आहे. ती म्हणाली, ते खरं असेल, पण मी माझ्या हाडाचं विचारतेय.

ठराव: लॉर्नाचं काम प्राधान्याने मार्गी लावणे. निवडणुकीनंतर लगेच.

२९ मार्च, शुक्रवार

वॉल्टचं म्हणणं: पंधरा एप्रिलला या वर्षाच्या विवरणपत्राबरोबर मागच्या वर्षांचंही भरून टाक. दंड पडेल, व्याज पडेल, पण विषय मिटेल, आणि तिची वर्षं जुलैच्या आत नोंदली जातील.

माझं म्हणणं: आत्ता भरला तर उद्या कुणीतरी विचारेल, इतकी वर्षं का नाही भरला. ‘प्रत्येकाने आपला वाटा भरावा’चे फलक दोनशे अंगणांत लागलेत. माझ्या एकट्याच्या इज्जतीचा प्रश्न असता तर मी कालच भरला असता. प्रश्न चळवळीचा आहे. एका खुब्यासाठी सगळ्या काउंटीचं भविष्य धोक्यात घालायचं का?

हे वाक्य लिहिल्यावर जरा कसंतरी वाटलं. उपाशीपोटी लिहिण्याचा परिणाम असावा.

आजचं कार्ड: ‘पदवीदान समारंभानिमित्त अभिनंदन.’

७ एप्रिल, रविवार

सापडलं. कायदा स्वतः वाचला. नवऱ्याने बायकोला घरकामाचे पैसे दिले तर हा कर लागतच नाही. स्वच्छ लिहिलंय.

मी घटस्फोटित. लॉर्ना एकटी. एकमेकांची सवय आहे. आईला ती आवडते. शिवाय लग्नाला एक वर्ष झालं की माझ्या नोंदीवर तिलाही विमा मिळतो. म्हणजे खुबा फक्त थोडा लांबतो. आणि कर पुढे कायमचा संपतो. मागच्या चार वर्षांचं काय, हे वॉल्टला विचारायला हवं, पण आपल्याच बायकोच्या विरोधात सरकार कशाला बोलेल?

असा विचार करणारा मालक या देशात दुसरा नसेल. मालक म्हणजे शब्दशः नव्हे.

९ एप्रिल, मंगळवार

लॉर्नाला विचारलं. आई टीव्हीसमोर होती. मी उभं राहून बोललो. बसून मला जमत नाही. समतेपासून सुरुवात केली. घर हेच पहिलं लोकराज्य, त्यात कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही, असं मांडत शेवटी मुद्द्यावर आलो.

तिने सगळं ऐकून घेतलं. हात पुसले. मग म्हणाली, मिस्टर हुडाक.

चार वर्षांत पहिल्यांदा.

म्हणाली, मिस्टर हुडाक, आत्ता मी तुमच्याकडे पगार घेऊन काम करते आणि त्याची कुठे नोंद नाही. बायको झाले तर काम तेच राहील आणि पगारही जाईल. हे तुम्ही मला बढती म्हणून सांगताय का?

मी म्हणालो, मी प्रेमाबद्दल बोलत होतो. ती म्हणाली, प्रेमाबद्दल बोलताना तुम्ही कलम क्रमांक सांगितलात.

दोनदा सांगितला, हे खरं आहे. संदर्भ देण्याची सवय.

१२ एप्रिल, शुक्रवार

लॉर्ना आज शेवटचं काम करून गेली. आईचे केस धुतले, नखं कापली, औषधांच्या डब्या भरून ठेवल्या. दारात म्हणाली की ती वॉल्टशी बोलली होती आणि काल पुन्हा कचेरीत गेली होती. कर मालकाने भरला नसला तरी काम केल्याचा पुरावा दाखवला तर वर्षं धरतात म्हणे.

मी विचारलं, पुरावा कसला? रोखीचा व्यवहार.

ती म्हणाली, कार्डं आहेत की. सगळी ठेवलीत मी. ‘या आठवड्याच्या तुझ्या श्रमांचं हे अल्पसं मोल, कृतज्ञ लेनर्ड हुडाक,’ असं प्रत्येकावर तुम्हीच लिहिलंय. खाली तारीख. बहुतेकांवर रक्कमही. कचेरीतली बाई म्हणाली, इतका नीट पुरावा कंपन्यासुद्धा देत नाहीत.

‘श्रम’ आणि ‘मोल’. दुसरा कुणी असता तर नुसती सही करून मोकळा झाला असता. मला शब्दाशी बेइमानी करता येत नाही, त्याची ही किंमत.

ती पायऱ्या उतरत होती तेव्हा आधार द्यायला हात पुढे केला. तिने कठडा धरला.

१५ एप्रिल, सोमवार

कराचं विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस. वॉल्ट म्हणाला, आता तरी स्वतःहून भर, सरकारने विचारायच्या आधी. मी म्हणालो, दबावाखाली भरलेला कर हा कर नसतो, ती खंडणी असते. तो म्हणाला, तुझ्या प्रचाराच्या खजिनदाराचा राजीनामा टेबलावर ठेवलाय, तो मात्र मी स्वतःहून देतोय.

मुदतवाढीचा अर्ज केला. मुदतवाढ कागद भरायला मिळते, पैसे भरायला नाही, हे वॉल्टने दारापर्यंत येऊन सांगितलं. शेवटचं वाक्य आपलंच असावं, असं काही लोकांना फार वाटतं.

३ मे, शुक्रवार

आईसाठी बाई मिळत नाही. एजन्सी म्हणते, आमच्यातर्फे घ्या, पगार आणि सगळे कर चेकने. आकडा ऐकून मी विचारलं, रोखीत काही कमी होईल का? पलीकडची मुलगी म्हणाली, तुम्ही ते वाटा भरा वाले ना? आमच्या अंगणात तुमचा फलक आहे.

फोन बहुधा मी ठेवला.

मग लक्षात आलं की उत्तर समोरच होतं. आईला मीच सांभाळीन. घरात मालक नाही, कामगार नाही, म्हणून करही नाही. मोठमोठ्या ग्रंथांतून ज्याचं स्वप्न रंगवलं गेलं, तो शोषणमुक्त समाज या खोऱ्यात पहिल्यांदा माझ्या घरात येतो आहे. प्रचार संध्याकाळी, आई झोपल्यावर.

१० मे, शुक्रवार

आई संध्याकाळी झोपत नाही. लॉर्नाने कधी सांगितलं नाही.

तीन सभा रद्द. आज आईला अंघोळ घालायला पाऊण दिवस गेला. ती रडत होती आणि मी तिला तर्काने पटवत होतो. पाठ धरली आहे. सूप करपलं.

२१ मे, मंगळवार

निवडणूक. पाच उमेदवारांत पाचवा. आईला घरी एकटी सोडता येईना, म्हणून स्वतःचं मत द्यायलाही जाता आलं नाही.

लोकांना सत्य पेलत नाही. चौथ्या आलेल्या माणसाची घोषणा ‘खड्डे बुजवू’ एवढीच होती.

२८ जून, शुक्रवार

सरकारचं पत्र आलं. चार वर्षांचा कर, दोन्ही अर्धे, वर बेकारी विम्याचा वाटा, दंड आणि व्याज. वॉल्टने हप्ते बांधून दिले. फी घेतली, तीही चेकने. त्याच्याकडून कळलं की लॉर्नाची वर्षं नोंदली गेली. ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया. हल्ली एका वृद्धाश्रमाच्या स्वागतकक्षात बसून काम करते. खुर्ची आहे, पगाराची चिठ्ठी मिळते.

मी म्हणालो, तिच्यासाठी मी जन्मभर लढलो याचं समाधान आहे. वॉल्ट चष्मा पुसत राहिला.

२ जुलै, मंगळवार

दुपारी आईला नूडल्स आणि कोबी भरवत होतो. खाता खाता तिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, तू नवा दिसतोस. आधीची कुठे गेली?

सोडून गेली म्हणालो.

जाणारच, म्हणाली. मग हळूच विचारलं, तुला पगार किती ठरवलाय त्याने?

ठरला नाही म्हणालो.

तिने चमचा माझ्या हातातून काढून घेतला आणि बाजूला ठेवला. माझं मनगट धरून म्हणाली, हे बघ, आधी लिहून घे त्याच्याकडून. मुलगा आहे माझा, वाईट नाही, पण पैशाचं विचारलं की भाषण करतो.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती म्हणाली, आता तू नको सुरू करूस, आणि स्वतःच्या हाताने खायला लागली.