तडकलेल्या तुळईखाली

अप्पा, आज शुक्रवार, इथली सुट्टी. दोहातल्या अल सद्दमधल्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. वर्ल्ड कप जवळ आलाय म्हणून समोरच्या बिल्डिंगवर कुठल्याशा खेळाडूचं सात मजली चित्र चढवलंय. त्याचा एक गुडघा बरोबर आमच्या खिडकीसमोर येतो. नवरा लेकीला घेऊन भाजी आणायला गेलाय. घरात मी एकटीच आहे, आणि तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्ही होतात तेव्हाही आपण फार बोललो नाही. माझ्या दहावीच्या वर्षी जे भांडण झालं, त्यानंतर आपल्यात उरलं ते 'जेवण झालं का' आणि 'पैसे पाठवलेत' एवढंच.

त्या गावाचं नाव काढलं की मला आजही आधी शिंक आठवते. मिरचीची पेठ. हंगामात सगळं गाव नाकाला पदर लावून फिरायचं, आणि त्या पेठेच्या मधोमध ते काळ्या दगडाचं देऊळ, तिन्ही बाजूंनी पोत्यांच्या थप्प्या. जुन्या देवळांची डागडुजी पाहणाऱ्या खात्यात तुमची नोकरी, म्हणून आपण सोलापूर सोडून तिथं, कानडी मुलुखात, चार वर्षं राहिलो. दाराशेजारचा शिलालेख तुम्ही मला बोट ठेवून वाचून दाखवला होता. देऊळ राजानं नाही, व्यापाऱ्यांनी बांधलंय, हे सांगताना तुम्हाला केवढा आनंद व्हायचा! बैलाच्या पाठीवरून विड्याची पानं आली की त्यातली काही पानं देवाला, मिरी आली की मूठभर मिरी देवाला, असं त्यांनी दगडात कोरून ठेवलेलं. रंगमंडपातले खांब इतके गुळगुळीत की मी त्यांत बघून वेणी नीट करायची. तुम्ही ओरडायचात. "देवळात आलीयेस की न्हाव्याकडे?"

आणि मग ती तुळई. मंडपाच्या मधल्या चार खांबांवरची, डाव्या हाताची. तिला तडा होता, तो जुनाच असावा असं सगळे म्हणत. तुम्ही त्या तड्यावर काचेच्या तीन आडव्या पट्ट्या चुन्यानं चिकटवल्या होत्या. दगड केसभर जरी हलला तरी काच फुटणार, एवढं साधं. रोज सकाळी शिडीवर चढून तुम्ही त्या बघायचात. दोन वर्षं काही झालं नाही. मग रथोत्सवाच्या आठ दिवस आधी तुम्ही सकाळीच घरी परत आलात आणि आईला म्हणालात, "तिन्ही फुटल्यात." आई पोळ्या लाटत होती. तिला वाटलं, कपबशा.

तुम्ही मंडपाला कुलूप लावलंत. दर्शन दारातून. दुसऱ्या दिवशी देवस्थान समितीचे चौघे आपल्या घरी आले. अध्यक्ष मिरचीचे मोठे व्यापारी, माणूस सभ्य, माझ्यासाठी पेढे घेऊन आलेले. मी आतल्या दाराआड उभी राहून ऐकत होते. ते म्हणाले, "साहेब, हजार साल से खड़ा है. आपकी चार साल की नौकरी में गिरेगा क्या?" बाकीचे हसले. मलासुद्धा हसू आलं. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "गिरेगा या नहीं, मुझे मालूम नहीं. इसीलिए ताला है." त्यांनी चहा पूर्ण प्यायला, नमस्कार केला आणि गेले. पाचव्या दिवशी वरून कागद आला. उत्सवापुरता मंडप खुला करावा. कुलूप तुम्हीच काढलंत.

उत्सवाच्या दिवशी मी मैत्रिणींबरोबर देवळात आले, तेव्हा तुम्ही त्या तुळईखाली उभे होता. नुसते उभे नाही. दोन्ही हात पसरून, घामानं सदरा पाठीला चिकटलेला, आणि मोडक्यातोडक्या कानडीत ओरडत होता, "मुंदे होगरी, मुंदे होगरी!" पुढे व्हा, पुढे व्हा. कुणाला तिथं क्षणभर थांबू देत नव्हता. एका म्हातारीनं तिथंच लोटांगण घातलं, तर तुम्ही तिला काखेत धरून उचललंत आणि पलीकडे नेऊन ठेवलंत. लोक चिडले. पोरं तुमची नक्कल करायला लागली. माझी मैत्रीण म्हणाली, "तुझे अप्पा पोलिसात आहेत का?" मी मान फिरवली आणि तुम्हाला न ओळखता पुढे गेले. तुम्ही मला पाहिलंत. मलाही तसंच ओरडलात, "मुंदे होगरी!" पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत तुम्ही तिथंच होता. काहीही पडलं नाही.

महिन्याभरात बदली झाली. लांब, आणि माझी दहावी अर्ध्यात. नव्या गावात पुस्तकं वेगळी, भाषा वेगळी. सामान बांधताना मी तुम्हाला म्हटलं, "पडलं का काही? नाही ना? मग कशासाठी केलंत हे सगळं? तीन काचांसाठी?" तुम्ही घडी घालत होता ती चादर खाली ठेवलीत. "पडलं नाही, हे तुला आज माहीत आहे," तुम्ही म्हणालात. "मला त्या दिवशी माहीत नव्हतं." मग थोड्या वेळानं, "आणि बापाशी बोलताना आवाज खाली." मला फक्त दुसरं वाक्य ऐकू आलं. त्या रात्री मी ठरवलं की माझ्या मुलांची शाळा मी अशी मध्येच तुटू देणार नाही. बाकी काही झालं तरी चालेल.

मी सिव्हिल इंजिनीअर झाले, हे तुम्ही पाहिलंत. इथं आले ते पाहिलं नाहीत. इथं स्टेडियमं उठत होती, मेट्रो खणत होते, रस्ते सकाळी एकीकडून आणि संध्याकाळी दुसरीकडून जायचे. माझं काम एका पार्किंगच्या इमारतीवर, स्लॅब ओतण्याआधी खालचे टेकू तपासायचं. माझ्या सहीशिवाय काँक्रीट ओतता येत नाही. मग एका वर्षी तेलाचा भाव पडला आणि नवऱ्याची नोकरी गेली. तिघांचाही व्हिसा माझ्या नोकरीवर आला. लेक तिसरीत होती.

हिवाळ्याचे दिवस. स्लॅबच्या तिसऱ्या पट्ट्यातल्या टेकूंखालची जमीन मला ओली लागली. जवळच्या पाइपातून पाणी झिरपत होतं, तो पाइप दुरुस्त झाला होता, पण भराव वाळला नव्हता. बुटाची टाच रुतत होती. मी म्हटलं, दोन दिवस थांबू. प्रोजेक्ट मॅनेजर आपलाच, हिंदीत बोलणारा, वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "मॅडम, आपका डाउट मैं समझता हूँ. नीचे लकड़ी के पटरे डाल दिए हैं, एक्स्ट्रा प्रॉप्स लगा दिए. ट्रक बुक हैं. अब आप रोकेंगी तो ऊपर जवाब आपको देना पड़ेगा." आणि मग, अगदी सहज, "आपका रिन्यूअल भी इसी महीने है ना? इन्शाल्ला हो जाएगा." तो धमकी देत होता की धीर देत होता, मला अजून कळलेलं नाही. मी सही केली.

सकाळी सहाला पंप सुरू झाला. काँक्रीट ओतताना खाली दोन-तीन माणसं ठेवतात, टेकूंवर नजर ठेवायला आणि एखादा सैल झाला तर आवळायला. त्यांचा मिस्त्री तेलंगणाचा, साधारण माझ्याच वयाचा. खाली जाण्यापूर्वी त्यानं हेल्मेटचा पट्टा बांधला आणि विचारलं, "मॅडम, आपने देख लिया है ना?"

मी म्हटलं, "हाँ."

"तो ठीक है," तो म्हणाला आणि वाकून आत गेला.

चार तासांनी तो बाहेर आला. खांद्यावर सिमेंटचे ओघळ, भुवया पांढऱ्या झालेल्या. म्हणाला, दोन टेकू बोटभर खाली गेले होते, आवळून घेतले. "हो गया मॅडम." आणि हसला. कुणीतरी "खलास, खलास" म्हणत टाळ्या वाजवल्या. काहीही पडलं नाही, अप्पा. माझा करार वाढला. नवऱ्याला पुढच्या वर्षी काम मिळालं. लेक त्याच शाळेत आहे. आता त्या पार्किंगमध्ये आम्हीसुद्धा गाडी लावतो, आणि ती लावताना मी दर वेळी तिसरा पट्टा टाळते.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. या उन्हाळ्यात सुट्टीला आईकडे गेले, तेव्हा भाजी निवडता निवडता सांगून टाकलं. आईनं मेथीची जुडी निवडून संपवली. मग म्हणाली, "त्या रथोत्सवाच्या दिवशी जाताना त्यांनी घड्याळ आणि अंगठी काढून देवघरात ठेवली होती. मी विचारलं, का हो? तर म्हणाले, राहू दे घरात, गर्दी आहे." तिनं हात धुतले. "गर्दीत अंगठी हरवते, हे मला पटलं होतं गं. ते गेल्यानंतर एक दिवस पोळ्या लाटताना लक्षात आलं. तवा तसाच राहिला."

इतकी वर्षं मला वाटायचं की तुम्ही हट्टानं उभे होता. आपलं खरं करायचं म्हणून. ती तुळई पडेल असं तुम्हाला खरोखर वाटत होतं, आणि तरीही पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत तुम्ही हलला नाहीत, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. आणि त्या दिवसभरात मी तुमच्या समोरून मान फिरवून गेले होते.

दोन दिवसांनी मी लेकीला घेऊन त्या गावाला गेले. पेठ गावाबाहेर हलली आहे. देवळाभोवती आता हिरवळ, कुंपण आणि फलक. तुमच्या तुळईखाली लोखंडाचा भक्कम टेकू आहे, राखाडी रंग दिलेला. तुमच्यानंतर सहा वर्षांनी बसवला, असं पुजारी म्हणाले. तुमच्या वेळी ते तिथे नवीनच लागले होते. मी कोण ते सांगितलं. "वो खड़े थे," एवढंच म्हणाले आणि हातानं ती जागा दाखवली. "हम लोग बहुत हँसते थे, अम्मा."

लेक खांबाला हात लावून बघत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण ती इंग्रजीतच बोलते. तिनं विचारलं, "आजोबा स्टुड हिअर? द होल डे?"

मी म्हटलं, "हो. दिवसभर."

"सो यू आल्सो डू दॅट? व्हेन दे पोअर काँक्रीट?" तिला माझं काम माहीत आहे. शाळेत सांगते ती, माझी आई वर्ल्ड कपचं बांधते. ती माझ्याकडेच बघत होती.

त्या सकाळी मिस्त्री आत गेल्यावर मी काय केलं, ते आईलाही सांगितलं नाही. मी रस्ता ओलांडला. पलीकडे माझी गाडी उभी होती. काचा वर केल्या, मांडीवर फाईल उघडून ठेवली आणि पंप बंद होईपर्यंत चारही तास आतच बसून राहिले. फाईलचं एकही पान उलटलं नाही.

लेकीला मी म्हटलं, "हो, मीपण उभी राहते." तिनं माझा हात धरला.

अप्पा, दार वाजतंय. ती दोघं आली. हे मी बंद करते.