सुई ओवणारी सून

धुळे,
१८ जुलै २०२५

ती. स्व. सुनंदाआत्यास,
मयुरीचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले तर अख्ख्या घराला कळेल, म्हणून पत्र. सावद्याला केळीची कापणी जोरात असेल. इकडे सगळे मजेत, फक्त माझे डोळे सोडून.

पाहण्याच्या दिवशी तू माझा चष्मा काढून लेन्स घालायला लावलंस. सासूबाई मुलीला सुईत दोरा ओवायला लावतात, असं तुझ्या कानावर आलं होतं ना! मी एका दमात ओवला आणि लग्न ठरलं. त्याला सहा वर्षं झाली. अजूनही पहाटे खोलीबाहेर पडायच्या आधी लेन्स घालते, ती रात्री भांडी आवरल्यावरच काढते. ह्यांना ठाऊक आहे, पण आईंपुढे त्यांचीही दातखीळ बसते. हल्ली दुपारपासूनच डोळ्यांत रेती गेल्यासारखं होतं, बुबुळाच्या कडेनं लाल शिरा दिसतात. लेन्सचं औषध संपलं की ड्रममधल्या पाण्यानं धुते. डबी कुंकवाच्या करंड्यात लपवते. आईंना सांगून टाकू का?

रागावलीस तरी उत्तर धाड.
तुझीच,
मयुरी

सावदा,
२४ जुलै

चि. सौ. मयुरीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

व माय! कानबाईचा सण तोंडावर आला, सगळं गणगोत तुझ्या घरी जमणार, आणि तू ऐन वेळी हे रडगाणं काढणार? तुझी सासू कडक बाई. चारचौघांत मी तिला छातीठोक सांगितलंय, पोरीची नजर घारीसारखी आहे. आता ती म्हणेल, फसवलं. मग तुझी काय शोभा राहील आणि माझी काय? गुलाबपाणी घाल. कानबाई पार पडू दे, मग बघू.

आईच्या मागे तुला मी वाढवलं, एवढं तरी ऐक. शेजारच्या कौतिकची गाडी धुळ्याला येतेय, तिच्यात केळीचे वेफर्स धाडते. एकटीनं खाऊ नकोस.
तुझी आत्या

धुळे,
९ ऑगस्ट

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे. कानबाईच्या जागरणाला लेन्स डोळ्यांतच राहिल्या. घरभर पाहुणे, काढायला आडोसा कुठला! पहाटे तशीच लवंडले. विसर्जनाहून आले तेव्हा डावा डोळा उघडेना, उजेड सोसवेना. आई प्रसादाचे रोट वाटत होत्या. त्यांच्यापुढे बसले आणि सगळं सांगून टाकलं. तुला विचारलं नाही. डोळा माझा आहे, आत्या.

आईंनी लगेच ताट रत्नाजाऊबाईंच्या हातात दिलं आणि मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. बुबुळावर जखम झालीय, तिच्यात जंतू आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्षानुवर्षं दिवसभर लेन्स घातल्या की बुबुळाला हवा पुरत नाही, म्हणून त्या शिरा आत शिरतात. त्यात मी साधं पाणी वापरलं आणि लेन्ससकट झोपले. नजर किती वाचेल ते आत्ताच सांगता येत नाही. तासातासाला थेंब घालायचे असतात. आई घालतात, पण तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. मला डोळ्याइतकीच त्याचीही भीती वाटते.

माया पातळ करू नकोस.
मयुरी

धुळे,
१४ सप्टेंबर

सौ. सुनंदाताईंना बेबाबाईचा स. न. वि. वि.

सुनेचा डोळा वाचला. बुबुळावर पुसट डाग राहिलाय, डाव्या डोळ्यानं जरा धुरकट दिसतं. लेन्स बंद. जाड भिंगांचा चष्मा आलाय. रत्ना तिला मास्तरीण म्हणून चिडवते.

मी बोलत नव्हते, कारण तोंड उघडलं असतं तर तुमच्या नावानंच उघडलं असतं. आमच्याकडे म्हणतात, डोया शेतस तं बठ्ठं शे, डोळे आहेत तर सगळं आहे. पोरीचा डोळा पणाला लावून कसली शोभा राखलीत?

आणि सुईचं ऐका. मला जवळचं दिसत नाही. गोधड्या शिवायची हौस दांडगी, पण घरात सुई ओवून द्यायला कोणाला सवड नसायची. म्हणून सून बघायला गेले की मी पोरींना सुई द्यायची. चष्मेवाली सून नको असं मी कधी म्हटलं? डॉक्टरीणबाईंना विचारलं, पाहण्याच्या दिवशी हिनं लेन्सशिवाय सुई ओवली असती का. त्या हसल्या. म्हणाल्या, हिला फक्त लांबचं दिसत नाही, सुई तर उघड्या डोळ्यांनी ओवेल.

काल मयुरीनं चष्मा कपाळावर सरकवला, सुई नाकाजवळ धरली आणि पहिल्याच झटक्यात ओवली. मला रडू आवरलं नाही.

त्याच दोऱ्यानं तुमच्यासाठी गोधडी घातली आहे. ती शिवून होईस्तोवर माझा राग उतरेल. दिवाळीला या, त्याआधी येऊ नका.
तुमची विहीण,
बेबाबाई