खोडलेली ओळ

धानोरा, ता. नंदुरबार
दि. ३ फेब्रुवारी २०२५

चि. कुंदन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लहानपणी मामाला लिहायचो तसा कागद करायला बसले. अक्षराला हसू नकोस, तुझ्यापेक्षा बरंच आहे.

कळसाडीच्या फुलवंताबाई इथे लग्नाला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, घराचा सौदा ठरला आणि मायची खाट तू खळ्यावर, खताच्या गोण्यांच्या खोलीत नेलीस. माझा विश्वास बसेना. ओसरीलगतची खोली मरेपर्यंत मायची, असं तू तिच्या पायाला हात लावून म्हणाला होतास. त्या शब्दावर तिने स्वतःच्या नावाचं घर तुला बक्षीसपत्राने दिलं. खोटं असेल तर दोन ओळी लिही. खरं असेल तर आधी तिला घरात आण, मग मी तुझ्याशी भांडते.

तुझ्या खुशालीची वाट बघणारी,
रंजिता


कळसाडी, ता. शहादा
दि. ११ फेब्रुवारी

ती. रंजिताताईस,
कुंदनचा शि. सा. नमस्कार.

केळीवर करपा, कामिनीची दहावी, त्यात तुझा कागद. तर ऐक, खोटं काही नाही. आम्ही शहाद्याला राहायला जातोय. तिथे तिसरा मजला, मायचे गुडघे तुला माहीत आहेत. खळ्यावर पंखा लावलाय, दोन्ही वेळ डबा जातो.

बक्षीसपत्र नोंदलं की घर माझं, विकायला कुणाला विचारावं लागत नाही. मायला ठेवायची अट कागदात नाही. का नाही, ते मला विचारू नकोस. वकिलाने मसुद्यात ती ओळ घातली होती. आखाजीच्या सणाच्या आदल्या दिवशी त्यांच्या टेबलाशी सगळ्यांदेखत तूच म्हणालीस, "सख्ख्या भावाकडून असं लिहून घेतात का? खोडा ती ओळ." मी म्हटलं नव्हतं. खाली साक्षीदार म्हणून सहीही तुझीच आहे.

राग धरू नये, ही विनंती.
कुंदन


धानोरा
दि. २० फेब्रुवारी

ती. मायला,
रंजिताचा साष्टांग नमस्कार. कामिनी वाचून दाखवेल.

माय, मी नंदुरबारच्या एका वकिलाकडे जाऊन आले. प्रांताकडे अर्ज केला तर कुंदनला तुझ्या पोटापाण्याचं बघावंच लागेल, मुलाची ती जबाबदारी कागदाशिवायही असते. घर परत मिळणं मात्र कठीण, कारण तोंडचा शब्द सिद्ध कोण करणार? मला लाज वाटली होती गं. आखाजीची साडी घ्यायला आलेली लेक, तिने भावाशी अटी घालाव्यात? त्या परक्या वकिलाला तुझी काळजी सुचली आणि तुझ्या पोटच्या पोरीने ती खोडली. मग त्यांच्याकडेही पाया पडायला गेले, तर ते कोर्टात गेले होते.

तू इकडे ये. हे गाडी घेऊन येतील. खोली सारवून ठेवली आहे.

तुझीच,
रंजिता


कळसाडी, खळ्यावरून
दि. २ मार्च

चि. सौ. रंजिता हिस,
तापीबाईचे आशीर्वाद. मजकूर कामिनीच्या हातचा.

मी बरी आहे. गोण्यांचा वास येतो, सवय होईल. जावईबापूंना पाठवू नकोस. लेकीकडे चार दिवस राहावं, मरायला जाऊ नये. कुंदनवर अर्जही करू नकोस, तो डबा वेळेवर पाठवतो. परवा घर घेणाऱ्यांनी अंगणातला कडुनिंब तोडला. आखाजीला तू झोका कुठे बांधशील, तेवढंच मनात येतं.

एक गोष्ट सांगणार नव्हते. पण तू वकिलाच्या पाया पडायला निघालीस, म्हणून सांगते. त्याला काही सुचलं नव्हतं. त्या सकाळी तुम्ही दुकानात साडी बघत होता, तेव्हा मी त्याच्याकडे एकटी गेले होते. (आत्या, पुढचं वाक्य आजी बोलते तसंच लिहिते.) ती ओळ कागदमा मीच टाकाले सांगेल व्हती, बेटा.

मला वाचता येत नाही, पण त्याने ती जागा बोटाने दाखवून ठेवली होती. तू तिथेच बोट ठेवलंस. चार माणसांत माझी लेक बोलली, मग मी काय बोलणार होते? मी अंगठा दिला.

रडू नकोस. माया असू दे.
तापीबाई, निशाणी अंगठा