उलट्या पावलांनी

१४ मार्च

चि. बारक्या,

तुझं पत्र आणि सोबतची कात्रणं पोचली. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत, तूही असशील. बाबांचं जेवणखाण ठीक आहे, मनगटाचं प्लास्टर आता लवकरच काढतील. दुकानात कामाची झुंबड आहे. परीक्षा जवळ आल्या की पोरांना अचानक फळ्यावरचं दिसेनासं होतं आणि आमच्याकडे चष्म्यांची रांग लागते. काचा घासून घासून बोटांना चिरा पडल्यात, म्हणून अक्षर असं आलंय. गोड मानून घे.

तुझं अभिनंदन करायचं राहूनच गेलं. शाळेत आपण त्या नाटकातले प्रवेश पाठ करायचो. तीनशे वर्षांपूर्वीचं ते इंग्रजी नाटक, त्यातला तो काळा नोकर, मालकाच्या चिठ्ठ्या चोरणारा आणि शेवटी मार खाणारा. ते तू नव्याने उभं केलंस आणि आता ते परदेशी चाललंय. तेही ज्यांचं आपल्यावर राज्य होतं, त्यांच्याच राजधानीत. मोठी गोष्ट आहे.

आमच्या दुकानाचे मालक नाटक बघून आले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तुमच्या भावाने काय हसवलंय हो." आणि हात छातीशी धरून, मान खाली घालून काउंटरपासून दारापर्यंत उलट्या पावलांनी चालत गेले. वाटेत आरशाच्या स्टँडवर आपटले. गिऱ्हाइकं हसली. मीही हसले, नोकरी आहे. माणूस वाईट नाही. आपण कुणाची नक्कल करतोय, हे त्याला ठाऊक नव्हतं.

तुला ठाऊक होतं.

हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. आता लिहिलंच आहे, तर पुढचंही वाच.

बाबा कुठल्याच खोलीतून पाठ फिरवून बाहेर पडत नाहीत. डॉक्टरांकडून, बँकेतून, तुझ्या मुख्याध्यापकांच्या खोलीतूनसुद्धा ते उलटेच बाहेर आले होते. तुला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर दर वेळी म्हणायचास, "ताई, शाळेत तूच ये." आई म्हणायची, असते एकेकाची सवय. सवय कशी लागली, ते तिलाही माहीत नव्हतं. ती गेली तेव्हाही माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी तू येऊन राहिलास, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्यांच्यासमोर वही उघडून बसलास, आणि त्यांनी तुला सांगितलं. मी ओट्याशी उभी होते, म्हणून माझ्या कानावर पडलं. गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर ते पोरवयात कामाला होते. एकदा जेवणाच्या टेबलावर ट्रे ठेवून ते सरळ वळून निघाले. साहेबाने परत बोलावलं, पाहुण्यांसमोर गुडघ्यांवर बसवलं आणि काठीने पाठ फोडून काढली. "ही पाठ मला दाखवतोस?" पाहुण्यांचे घास थांबले नाहीत. आजोबा त्याच बंगल्यावर माळी होते. त्यांनी खिडकीतून पाहिलं, झारी उचलली आणि बागेच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले. "मार नाही लागला रे," बाबा म्हणाले, "ते लागलं."

तुझे डोळे भरून आले होते. ते नाटक होतं असं मी आजही म्हणणार नाही.

मग दोन दिवसांनी तू नाटकाचा शेवटचा प्रवेश नव्याने लिहून वाचून दाखवलास. नोकर मालकाच्या खुर्चीत बसतो आणि हीच हकीकत सांगतो. "तोपर्यंत लोक त्याच्या चालण्याला हसलेले असतील. मग ते हसू त्यांच्याच घशात अडकेल," असं तू म्हणालास. बाबांना सगळं कळलं नाही. ते एवढंच म्हणाले, "माझं नाव नको घालू." ते मात्र तू पाळलंस.

प्रयोगाला तू आम्हाला पहिल्या रांगेत बसवलंस. त्याआधी मी रंगपटात डोकावले, तर तुझ्या त्या गोऱ्यापान नटाच्या तोंडाला काळा रंग लावणं चाललं होतं. मी विचारलं, "आपल्यातला कुणी सावळा नट मिळाला नाही का?" तू म्हणालास, "मुद्दाम आहे, ताई. रंग फासलाय हे दिसायला हवं. त्यात टीका आहे." असेल बुवा. मला त्यातलं कळत नाही. तू आईवर गेलास, मी बाबांवर. तुला आजवर कुठल्या दारात कुणी अडवलं नाही, म्हणून तुला रंग ही डबीतली वस्तू वाटते.

तो नट पहिल्यांदा उलटा चालत आत गेला, तेव्हा सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. दुसऱ्यांदा तो टेबलावर आपटला. मग तो निघायला लागला की लोक आधीच हसू लागायचे. हात तसेच, मान तशीच, खांद्याची ती थरथरही तशीच. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मी त्यांच्या कानात म्हटलं, "थांबा, शेवट यायचाय."

शेवट आला. नोकराने मार खाल्ला, लग्न लागलं, सगळे नाचले, पडदा पडला. खुर्ची रिकामीच राहिली.

बाहेर तू म्हणालास, "आयोजकांना तो प्रवेश जड वाटला. तिकडच्या प्रेक्षकांच्या एकदम अंगावर येतो." अंगावर येतो. हे तू बाबांच्या समोर म्हणालास, बारक्या.

टॅक्सीत ते खिडकीकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, "पोरी, मी असाच दिसतो का गं?" मी नाही म्हटलं. त्यांनी परत विचारलं नाही.

तू पाठवलेल्या कात्रणात एकाने लिहिलंय की नोकराच्या देहबोलीमागे दिग्दर्शकाचा सखोल अभ्यास दिसतो. अभ्यास तर होताच. माझ्या हातचं जेवून केलेला.

आता प्लास्टरचं. बाबा बाथरूममध्ये घसरले, असं मी फोनवर सांगितलं, ते खोटं होतं. प्रयोगानंतरच्या आठवड्यात एका दुपारी मी दुकानातून लवकर घरी आले. बाबा त्यांच्या खोलीत होते. पलंगावरून उठायचे, वळायचे आणि दाराकडे सरळ चालत यायचे. चौकटीपाशी आले की त्यांची मान आपोआप मागे फिरायची, मागून कुणी येतंय का बघायला. मग परत आत, परत पहिल्यापासून. ऐंशीच्या घरातला माणूस खोलीबाहेर पडायला शिकत होता. मी पॅसेजमध्ये उभी राहिले. हाक मारली असती तर त्यांना मेल्याहून वाईट वाटलं असतं. एकदा ते जरा झपकन वळले, पायात पाय अडकला आणि हातावर पडले. दवाखान्यात मला म्हणाले, "बारक्याला बाथरूम म्हणून सांग."

आणि आता तुझं हे पत्र. बाबांना घेऊन ये, तिकिटं सोबत आहेत, तिकडच्या पहिल्या प्रयोगानंतर त्यांना रंगमंचावर बोलावतो, हाच तो माणूस म्हणून सांगतो, लोक उभे राहून टाळ्या वाजवतील. खुर्चीतलं बोलणं कापलंस, आणि आता हसून झाल्यावर माणूस दाखवायचा म्हणतोस. त्यांनाच, ज्यांच्या टेबलाशी हे घडलं.

मी पत्र त्यांना वाचून दाखवलं. वाटलं होतं, नाही म्हणतील. ते म्हणाले, "येतो म्हणून लिही. पोराने बोलावलंय."

मी म्हटलं, "बाबा, मी ते लिहिणार नाही."

ते बराच वेळ प्लास्टरवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बरं. मग नको लिहू." आणि खांदे असे सैल सोडले, की मला कळलं. बोलावणं आलं की नाही म्हणायचं, हे त्यांना जन्मात कुणी शिकवलंच नाही. तू हे ओळखून होतास का, ते मला विचारायचं नाही. उत्तर ऐकायची ताकद नाही माझ्यात.

तिकिटं परत पाठवतेय. यापुढे नाटकासाठी काही हवं असेल, तर या घरी येऊ नकोस. बाबांना भेटायला म्हणून येणार असशील, तर वही न घेता ये.

नाटक छान झालं, असं त्यांनी कळवायला सांगितलंय. आशीर्वादही सांगितलेत. दोन्ही त्यांचं आहे, म्हणून लिहिलं.

ताई