ह्यांच्या कपाळावरचं कुंकू

उज्जैन, १३ ऑगस्ट १९४९

स्वातंत्र्यदिन समितीवाले आज ह्यांची तसबीर दाखवायला आले. परवा टावर चौकात लावणार. काश्मीरहून ह्यांनी वर्दीतला एकही फोटो पाठवला नव्हता. घरात होता तो एकच, गणेशोत्सवाच्या नाटकातला, नायिकेच्या वेशातला. मला तोच आवडतो. तसाच लावा म्हटलं, तर मामंजी म्हणाले, "लोक हसतील, सूनबाई." मग पेंटरने नऊवारीच्या जागी वर्दी चढवली, नथ पुसली, मिशा दिल्या. मिशा ह्यांना कधीच नव्हत्या. कंटाळा आलाय बोलायचा.

पण कुंकू तसंच राहिलंय! सेक्रेटरी खूश: "भाभीजी, तिलक खूब जँच रहा है!" मामंजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

नाटकाच्या दिवशी ते मीच लावलं होतं. हे सारखे हसत होते, म्हणून जरा वाकडं लागलं. तसबिरीतही वाकडंच आहे.

तार आली तेव्हा माझं कुंकू पुसायला सगळी आळी धावली होती. ह्यांचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. परवा त्यालाच हार घालतील, आणि शेजारी मी उभी, पांढऱ्या कपाळाची.